आधी डांबरगोळी, मग साखर

साड्यांच्या घडीत ठेवलेली डांबरगोळी हळूहळू झिजते, कारण ती हवेत उडून जाते. मातीत पडली तर मात्र तिला खाणारे जीव भेटतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मातीतून वेगळा केलेला ‘सीएसव्ही८६’ हा स्यूडोमोनास जिवाणू त्यांपैकीच. पुढे पवईच्या आयआयटीत त्याचा खूप अभ्यास झाला.

डांबरगोळीतलं नॅप्थलीन म्हणजे एक बाजू सामाईक असलेली कार्बनची दोन षट्कोनी कडी. ती फोडायला पेशी आधी कड्याला ऑक्सिजनचे दोन अणू जोडते, आणि त्यापायी पदरची ऊर्जा खर्चते. त्यासाठी लागणारी विकरं बारा महिने घडवत बसणं कुणाला परवडेल? म्हणून त्या विकरांच्या जनुकांवर राखणदार नेमलेला असतो. ‘जी७’ या दुसऱ्या वाणात त्याचं नाव नाहआर. गंमत अशी, की हा राखणदार नॅप्थलीनला ओळखतच नाही. तो ओळखतो सॅलिसिलेटला, म्हणजे अर्धवट पचलेल्या नॅप्थलीनला. (अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलंच हे.) मग पहिलं पचन करतं कोण? पेशीत थोडी विकरं कायम असतात, विरजणाच्या चमच्याएवढी. त्यांनी जरासं सॅलिसिलेट केलं, की डीएनएवर आधीच बसलेला नाहआर जागा होतो आणि सगळी भट्टी पेटते.

एवढ्यानं भागत नाही. समोर दोन पदार्थ असले तर आधी कोणता? बहुतेक स्यूडोमोनास सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्लं पहिल्यांदा उचलतात आणि कडीवाले पदार्थ मागे ठेवतात. आवडीचं अन्न असेतो सीआरसी आणि एचएफक्यू ही प्रथिनं नावडत्या अन्नाच्या आरएनए-संदेशांवर बसून राहतात. संदेश निघतो, पण विकर बनत नाही.

सीएसव्ही८६ची पंगत उलटी. ग्लुकोज आणि नॅप्थलीन एकत्र वाढलं, तर तो नॅप्थलीन आधी संपवतो. सेंद्रिय आम्लं मात्र सोबतीनं खातो. 2006 साली हे प्रसिद्ध झालं. दूषित मातीत सोपं अन्नही असतंच, आणि त्याच्या नादी लागून विषाकडे पाठ फिरवणारा जिवाणू सफाईच्या काय कामाचा? म्हणून या उलट्या खोडीचं मोल मला फार वाटतं.

प्रयोगशाळेत ही खोडी आलेखावर दिसते. वाढीची रेघ चढते, मध्येच थबकते, पुन्हा चढते. त्या थबकण्यात नॅप्थलीन संपलेलं असतं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेली, ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनं पेशी आता कुठे घडवायला घेते.