बेटावरचे रहिवासी आणि पाहुणे

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० कि.मी. अंतरावर लॉर्ड हाउ हे बेट आहे. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १५ चौ. कि.मी. आहे. ते कधीच कोणत्या खंडाला जोडलेले नव्हते. त्यामुळे पक्षी उडत आले. उंदीर-मांजरासारखे प्राणी मात्र पोहोचू शकले नाहीत.

येथील दोन पक्षी आपण पाहू. सोनचिखल्या हा पाहुणा. तो सैबेरिया-अलास्कातील टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो आणि तिकडची थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे येतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसतो तो याच जातीचा. वुडहेन हा कायमचा रहिवासी. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला हा तपकिरी पक्षी उडू शकत नाही.

उडत आलेल्या पूर्वजांचे वंशज न उडणारे कसे झाले? ‘पंख वापरले नाहीत म्हणून झडले’ हे उत्तर वर्गात हमखास मिळते, पण ते चूक आहे. उडण्याचे स्नायू पोसायला पुष्कळ ऊर्जा लागते. जमिनीवर शत्रू नसल्याने जन्मतः दुबळ्या पंखांच्या पक्ष्यांचे काही बिघडले नाही. उलट वाचलेली ऊर्जा पिले वाढवण्याच्या कामी आली. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत गेली.

माणूस येताच ही काटकसर महागात पडली. १७८८ मध्ये आलेल्या खलाशांनी न बुजणारे पक्षी काठ्यांनी मारले. पुढे डुकरे आणि मांजरे आली. १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ जहाज किनाऱ्याजवळ खडकाला लागले आणि त्यातून काळे उंदीर बेटावर उतरले. अंडी-पिलांचा त्यांनी फडशा पाडला. दहा-बारा वर्षांत केवळ याच बेटावर आढळणारे पाच प्रकारचे पक्षी नाहीसे झाले. सोनचिखल्याला याची झळ लागली नाही, कारण त्याचे घरटे हजारो कि.मी. दूर होते.

१९७०च्या दशकाअखेर वुडहेन तिसाच्या आसपास उरले होते, तेही मुख्यतः डोंगरमाथ्यावर. मग डुकरे व मांजरे हटवली गेली. १९८० पासून पिंजऱ्यात पैदास करून पक्षी रानात सोडले. २०१९ मध्ये उंदरांविरुद्ध मोठी मोहीम झाली. त्यानंतर वुडहेनची संख्या हजारावर गेली.

शाळेच्या परिसरातील पक्ष्यांची यादी आपणही विद्यार्थ्यांकडून करून घेऊ. ‘बारमाही की पाहुणा?’ याबरोबरच ‘घरटे कोठे?’ हाही रकाना ठेवू. रहिवाशाला त्याच्या जागीच सांभाळता येते. पाहुण्यासाठी मात्र घरट्याचा प्रदेश, वाटेवरचे थांबे आणि हिवाळ्यातील मुक्काम, सारेच शाबूत राहावे लागते.