विषाणूची वही : घरात कोरोना नक्की कोणी आणला?



कांदिवलीच्या आमच्या शाळेत सहावीला विषाणूंविषयी शिकवत होते. तास संपल्यावर एक मुलगा हळूच जवळ आला. "बाई, आजी माझ्यामुळे गेली का? सगळे म्हणतात, मी खाली खेळायला जायचो म्हणून." एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या घरातले पाचही जण आजारी पडले होते. बाबा तेव्हा रोज लोकलने कामावर जात. दोष मात्र मुलाच्या माथी!

याचं उत्तर विज्ञान देऊ शकतं का? पाहूया.

कोरोना विषाणूचा जिनोम म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांची वही. विषाणू वाढताना ही वही पुन्हा पुन्हा उतरवली जाते आणि अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. जिनोम सिक्वेन्सिंग म्हणजे ती सगळी अक्षरं क्रमाने वाचणं. दोन वह्यांत सारख्याच चुका दिसल्या की कॉपी झाली हे आपण शिक्षक लगेच ओळखतो ना? तसंच हे.

दोघांच्या विषाणूंत बरेच फरक असतील, तर संसर्ग एकमेकांकडून झालेला नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. पण वह्या जुळल्या तर? या विषाणूत महिन्याला सरासरी दोनच बदल टिकतात आणि घरात तो काही दिवसांतच पसरतो. त्यामुळे सगळ्यांच्या वह्या बहुधा सारख्याच निघतात. कोणी कोणाची उतरवली, की दोघांनी तिसऱ्याची, हे त्यातून कळत नाही.

नुसता प्रकार सारखा असणं तर फारच कच्चा पुरावा. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाच्या नव्या प्रयोगशाळेत पहिल्या फेरीत शहरातले १८८ नमुने तपासले, त्यातले १२८ डेल्टाचे निघाले. मग घरातल्या दोघांना डेल्टा झाला यात नवल काय?

डिसेंबर २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला वेगळं घडलं. नायजेरियाहून आलेल्या तिघी आणि इथले त्यांचे तीन नातेवाईक, अशा सहा जणांत ओमायक्रॉन सापडला. तेव्हा तो राज्यात अगदी नवा होता आणि प्रवासाची तारीखही माहीत होती. म्हणून संसर्गाची दिशा जुळवता आली. म्हणजे सिक्वेन्सिंगला तारखा आणि भेटीगाठींची जोड लागतेच.

आणखी एक गोष्ट. ज्याला आधी ताप आला, त्यानेच आजार आणला असंही नाही. लक्षणं दिसण्याआधीही संसर्ग पसरतो.

त्या मुलाच्या घरच्या नमुन्यांचं सिक्वेन्सिंग झालंच नव्हतं. झालं असतं, तरी त्याच्यावरचा आरोप बहुधा सिद्ध झाला नसता. मी त्याला म्हटलं, "बाळा, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि आजार पसरणं हा गुन्हा नसतो."

तुमच्या वर्गात, घरात असं ओझं वाहणारं मूल असेल, तर त्याला हे जरूर समजावून सांगा.