‘मत्स्यगंधा’ची ध्वनिमुद्रिका ऐकताना

पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव ज्या झाडीपट्टीत येते, तेथे धानकापणीनंतर रात्रभर रंगणाऱ्या नाटकांत गायक नट आणि साथीचे वादक समोरासमोर असतात. म्हणूनच नाट्यपदाची ध्वनिमुद्रिका, म्हणजे रंगमंचापासून वेगळे काढलेले गाणे, येथील रसिकाने विशेष कान देऊन ऐकावी.

वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) हे नाटक दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले आणि त्याद्वारे जितेंद्र अभिषेकी नाट्यसंगीतकार म्हणून पुढे आले. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर हे रंगमंचावरचे गायक नटच ध्वनिमुद्रिकेतही ऐकू येतात, हे तिचे मोठे मोल होय.

जुन्या नाट्यपदांत आलापी, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, पुष्कळ असे. अभिषेकींनी पद आटोपशीर ठेवले, शब्द स्पष्ट राखले आणि तरीही रागाचा गाभा ढळू दिला नाही, म्हणून तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांतही ही पदे तोकडी वाटत नाहीत. अभिषेकींनीच संगीत दिलेल्या १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील घराणेदार गायकी त्यानंतर ऐकल्यास, प्रसंगानुसार चालीचा पोत बदलणारी त्यांची विलक्षण दृष्टी स्पष्ट होते.