नेब्राची तबकडी आणि सोंगातला खरेदीदार

23 फेब्रुवारी 2002 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका हॉटेलात पुरातत्त्वज्ञ हाराल्ड मेलर खरेदीदाराचं सोंग घेऊन तस्करांसमोर बसले होते. पोलीस दबा धरून होते. हवी होती जर्मनीतल्या नेब्राची तबकडी: सुमारे 32 सेंटिमीटर व्यासाची, हिरवट काशावर सोन्याचे सूर्य (किंवा पूर्णचंद्र), चंद्रकोर आणि तारे, त्यांत सात ताऱ्यांचा कृत्तिकांसारखा पुंजका. 1999 मध्ये चोरट्यांनी ती घाईघाईत उकरली, कडेला घाव बसला, सोन्याचा पत्राही फाटला. त्यांनी ती 31 हजार मार्कांना विकली, आणि बाझलमध्ये मागणी 7 लाखांची होती.

असं सोंग म्हणजे फसवणूकच, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. कुठे सापडली हे कळल्याशिवाय अशी वस्तू मुकीच राहते. तबकडी बनावट असल्याचा संशयही घेतला गेला. सोंगामुळे तस्कर पकडले गेले, त्यांच्यावरून मूळ चोरांचा माग लागला, आणि संशयाला उत्तर मिळालं ते या चोरांनी दाखवलेल्या जागेमुळे. नेब्राजवळच्या मिटेलबर्ग टेकडीवरची माती तबकडीला चिकटलेल्या मातीशी जुळली. सोबत पुरलेल्या तलवारींवरून ती सुमारे इसवी सनपूर्व 1600 मध्ये पुरल्याचं ठरवता आलं. पैसे मोजून गुपचूप सोडवली असती, तर ही जागा कुणी सांगितली असती?