दशमीची ओहोटी

वर्सोव्याच्या जेट्टीला बोट लागते. आधी स्कूटरी चढतात, मग माणसं. बर्फाची पेटी सांभाळणारा एक पोरगा, रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन कोळणी आणि आम्ही, मी नि मावशी. मावशी अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये दागिन्यांत खडे बसवायची, गेल्याच महिन्यात निवृत्त झाली. इतकी वर्षं तिची नजर भिंगाखाली, वीतभर अंतरावर अडकलेली. आज तिला दिवसभर लांबचं बघायचं आहे. बेत एवढाच.

इंजिन धडधडतं. खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतंय, म्हणून तांडेल बोटीचं नाक समोरच्या धक्क्यावर न रोखता आतल्या अंगाला धरतो. बोट तिरकी तिरकी सरकते आणि बरोबर मढच्या धक्क्याला जाऊन टेकते. पाचेक मिनिटांचं काम. मालाड-मार्वेवरून रस्त्याने यायचं तर वीस-बावीस किलोमीटरांचा वळसा पडतो. आता या खाडीवर पूल बांधायचं ठरलंय. मढच्या आजारी माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, त्यामुळे पूल हवाच. पण बोटही राहावी, असं मला मनापासून वाटतं. अंधेरी मागे पडल्याचं अंगाला कळतं ते या पाच मिनिटांतच.

मढला उतरल्या उतरल्या वलांड्या दिसतात. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. मावशी जवळ जाऊन बघते. बोंबील कशाने बांधलेले नाहीत, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवलेत आणि जोडी दोरीवर टाकली आहे, एक अलीकडे, एक पलीकडे. खालचे बोंबील परतवत बसलेल्या बाईंना मी विचारते, पाणी कधी चढेल?

"आज दशमी हाय ना, बाय? दहाचे पाऊण कर. साडेसात. सकाळी साडेसातला भरली, आता दीडपर्यंत सुकंल. मंग संध्याकाळी परत."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला, अमावास्येला साधारण बाराच्या आसपास. किनाऱ्यावरच्या माणसांचं हे गणित पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण अंदाजाला पुरतं.

मालाडकडे जाणारी २७१ नंबरची बस उभीच आहे. मढचा किल्ला वायुदलाच्या ताब्यात, तो बाहेरूनच बघायचा. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी घेतला. एरंगळला उतरतो. इथल्या सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आज सगळं मोकळं आहे.

इथल्या एका रिसॉर्टमध्ये आलोय. नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा-भजी, सगळं एका दिवसाच्या पैशांत. तरणतलावावर नायलॉनच्या पोशाखाची सक्ती, पोरांचा कल्ला, स्पीकरवर गाणी. आम्ही पोहे खातो आणि मागच्या फाटकातून थेट वाळूवर उतरतो.

दीड वाजत आलाय. पाणी खूप आत गेलंय आणि ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडली आहे. वर कुरव फिरतायत, हिवाळ्यापुरते उत्तरेकडून आलेले पाहुणे. मावशी सुरूच्या सावलीत बसून क्षितिजाकडे बघते. एक मालवाहू जहाज जागचं हललेलं दिसत नाही, तरी थोड्या वेळाने ते डावीकडे गेलेलं असतं. ती काही बोलत नाही, मीही नाही. कपाळावरची नेहमीची आठी गेलेली मला दिसते आणि फार बरं वाटतं.

मग ती उठते, चार पावलं चालते आणि उकिडवी बसते. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा पडल्या आहेत, एका भोकापासून चहूकडे पसरलेल्या. भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं तेवढं टिपतो, उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतो आणि पुढे सरकतो. आमची सावली पडताच गडप. आम्ही हलत नाही. तो पुन्हा येतो.

"किती एकसारख्या आहेत बघ," मावशी म्हणते. "आमच्याकडे चाळणीने निवडायचो खडे, मापाने. हा नुसत्या हाताने करतोय." मग जरा थांबून, "भिंगाशिवाय दिसतंय मला."

पाचनंतर पाणी परततं. पहिली लाट गोळ्यांच्या कडेला शिवते, दुसरी अर्धी नक्षी घेऊन जाते. मावशी साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचून पाण्यात उभी आहे. पायांखालची वाळू निसटते तशी ती माझा दंड घट्ट धरते आणि हसते. सूर्य सहाला बुडतो. चहा पिऊन आम्ही पुन्हा मढच्या बसमध्ये चढतो.

धक्क्यावर बोटीची वाट बघताना मावशी बोटांवर काहीतरी मोजते.

"पुढच्या रविवारी कोणती तिथी?"

"वद्य द्वितीया."

"म्हणजे दीडला भरती. दुपारी पाण्यात बसता येईल. तुझ्या आईलाही आणू."