पेस्ट नाही, पण हत्ती आहे

अमेरिकेत १९६९ च्या सुमारास 'पोस्ट' कंपनीच्या न्याहारीच्या खोक्यावर, पाठच्या बाजूला, चक्क गाण्याची रेकॉर्ड असायची. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पातळ थर आणि त्यात खाचा. पोरांनी ती कात्रीनं गोल कापायची आणि प्लेअरवर ठेवून सुई टेकवायची. 'आर्चीज'चं 'शुगर, शुगर' हे त्या वर्षी तिकडं सगळ्यात गाजलेलं गाणं, तेही असं फुलवलेल्या गव्हाबरोबर घरोघर गेलं. आधी खोकं घ्या, मग गाणं मिळेल, हा तिथला रोखठोक व्यवहार. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये असल्या भेटी पोचल्या, पण बहुतेक वेळा मालाशिवाय.

न्याहारीला रात्रीची भाकरी, दुभतं जनावर असलं तर दुधात चुरून. दात घासायला राखुंडी नाहीतर बाभळीची काडी, बायकांना मिश्री. जरा बऱ्या घरात माकडछाप काळी पावडर किंवा बिटको. टूथपेस्टची ट्यूब ही मुंबईच्या पाहुण्याच्या पिशवीतली वस्तू. तरीही बिनाका हे नाव ज्यानं ऐकलं नाही असा माणूस तालुक्यात मिळाला नसता, कारण ते दातांमुळं नव्हे तर कानांमुळं आलं होतं.

त्याचं श्रेय एका मराठी माणसालाच द्यायला हवं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी असा त्यांचा हेतू होता. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडं फिरवला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पैसा टूथपेस्ट विकणाऱ्या सीबा कंपनीचा. पुढं बुधवारी रात्री आठ वाजता ज्याच्या घरी ट्रान्झिस्टर त्याच्या कट्ट्यावर गल्ली जमायची. लघुलहरींवरचा आवाज मध्येच विरायचा, परत यायचा, आणि नेमकं सरताज गीत लागताना गेला की सगळे मिळून रेडिओच्या मालकाला बोल लावायचे. १९६३ ला सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, त्यावर शेतीचा सल्ला आणि बातम्या आपल्या बोलीत मिळू लागल्या, पण बुधवारचं आठ काही हललं नाही. गाणं फुकट, रेडिओला मात्र पोस्टातून लायसन काढावं लागे. म्हणजे पैसे सरकारला आणि जाहिरात कंपनीची. पेस्ट घेतली कुणीच नाही.

बिनाकाच्या खोक्यात आणखी एक चीज असायची: प्लास्टिकचा बोटभर प्राणी. हत्ती, घोडा, मासा, पक्षी, रंग वेगवेगळे. खोकं फोडायच्या आधी आत काय निघेल ते कळायचं नाही, सगळी गंमत तिथंच. हे प्राणी आमच्याकडं मे महिन्यात यायचे, गिरणीत कामाला असलेल्या चुलत्यांच्या पोरांच्या खिशातून. त्यांच्याकडं एकाच जातीचे चार-चार झालेले असत, त्यामुळं ते देऊन टाकायला तयार. आम्ही बदल्यात गोट्या द्यायचो, चिंचा द्यायचो. जतला आलेल्या हत्तीच्या मागं कुणाचे दात घासले गेले याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं.

गोल्ड स्पॉट या थंड पेयाचंही तसंच. ऐंशीच्या दशकात त्याच्या बिल्ल्यांच्या आत 'जंगल बुक'ची चित्रं यायची. आमच्यासाठी बाटली पिणं म्हणजे लग्नातली चैन, पण बिल्ले हवे तेवढे. मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा भरली, खिलार जनावरांचा बाजार बसला, की थंड पेयांच्या गाड्यांभोवती मातीत नुसता खच. यात्रा उठली की आम्ही पोरं हात घालायचो. चित्र शाबूत असलेला बिल्ला जपून ठेवायचा. बाकीचे दगडानं चेचून, दोन भोकं पाडून, दोरा ओवून भिंगरी. ती इतक्या जोरात फिरायची की बोट कापायचं, आणि कुणाचं कापलं तर तो हिरो.

बिग फन बबलगमच्या क्रिकेटपटूंच्या कार्डांनी मात्र आम्हाला गिऱ्हाईक केलं. कार्डावर फोटो आणि धावा नाहीतर विकेट, त्या जमवायच्या नि बक्षीस न्यायचं. गम बेचव व्हायच्या आत थुंकून दुसरा घेतलेला मी पाहिलाय. १९९९ ला ब्रिटानियानं 'खाओ वर्ल्ड कप जाओ' काढलं, तेव्हा कागदावरच्या धावा शंभर करून वही आणायची आणि खरवडायची. इंग्लंडला जायचं स्वप्न बिस्किटाच्या कागदावर आलं, पण इथं भेटीत खेळणं उरलं नव्हतं, लॉटरी आली होती. मला तो बदल तेव्हाही आवडला नाही. हत्ती हाताला लागायचा. खरवडलेल्या कागदाखाली बहुधा 'पुन्हा प्रयत्न करा' छापाचं काहीतरी निघायचं.

गीतमाला १९८९ ला विविध भारतीवर गेली, तेव्हा बिनाकाचं सिबाका होऊन गेलं होतं. गोल्ड स्पॉट १९९३ ला कोका-कोलानं घेतलं. केलॉग १९९४ ला भारतात आली, कारखाना आपल्याच तळोज्याला. कॉर्नफ्लेक्सचं गणित गार दुधावर बसवलेलं आणि आपण दूध उकळून गरम पिणारी माणसं, मग लगदा व्हायला कितीसा वेळ! आता जतच्या किराणा दुकानांत चॉकोजच्या दहा रुपयांच्या पुड्यांची माळ टांगलेली असते. पोरं दुधाच्या वाट्याला जात नाहीत, शाळेच्या वाटेवरच कोरडे कुडुम-कुडुम खाऊन पुडी मोकळी करतात. आत भेट नसते, आणि कुणी ती शोधतही नाही.