लाल्या नेमका कोण?

आपलं मालेगाव असो (नाशिकचं नव्हे हं!), मंगरूळपीर असो की कारंजा, सुट्टीत घरी गेलात की एक प्रश्न ठरलेला असतो : "पाय बरं, पानं काऊन लाल पडून राह्यले?" तुम्ही अ‍ॅग्रीला आहात की बीएला, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. शिकलेलं पोरगं म्हणजे त्याला सगळं माहीत असणार. तुम्ही तोंड उघडायच्या आत शेजारचे काका निकाल देतात : "लाल्या हाय." मग कृषी केंद्र, एक बाटली, चार पंप फवारा. विषय संपला.

पण खरंच संपला का? कपाशीवर जो 'लाल्या' येतो, त्यात बहुतेक वेळा कोणताही जीव नसतो. मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, रात्री गार झाल्या, तुडतुड्यांनी रस शोषला, की कपाशीची पानं लाल होतात. संत्र्याच्या बागेत सालीवर तांबूस-तपकिरी चट्टे पडले की त्यालाही 'लाल्या'च म्हणतात, पण तिथे गुन्हेगार असतो कोळी. नाव एकच, आजार दोन. एकाला खत लागतं, दुसऱ्याला कोळीनाशक. बाटली चुकली तर पैसे गेलेच, वर कोळी तसाच.

किडा नाही, कोळी!

आधी एक बेसिक गोष्ट. 'लाल कोळी' हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय, मोठ्या कोळ्याला आठ. पंख नाहीत, मिशा नाहीत. नात्यानं तो जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या आणि विंचवाच्या जवळचा. आकार साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेनानं दिलेल्या टिंबाएवढा. गंमत म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, उरलेले दोन पहिली कात टाकल्यावर येतात. म्हणजे 'पाय मोजा' हा नियमसुद्धा वय बघूनच लावायचा!

तुरीवरचा 'वांझ रोग' ऐकलाय? झाड हिरवंगार, पण फूल नाही, शेंग नाही. तो विषाणू पसरवणारा जीवही कोळीच, पण वेगळ्या कुळातला. त्याला जन्मभर फक्त चार पाय, शरीर अळीसारखं लांबट, लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर. साध्या डोळ्यांना तो दिसतच नाही. म्हणजे एकाच शेताच्या बांधावर कपाशी, तूर आणि संत्रा उभे असतील, तर तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तीन वेगळे तपास.

सारखेच दिसणारे चुलत भाऊ

आता खरी मजा. जाळं विणणाऱ्या या कोळ्यांचं कुळ म्हणजे टेट्रानिकिडी. जगात त्याच्या सुमारे १३०० जाती नोंदवल्या गेल्यात. काही ओळखायला सोप्या आहेत. संत्र्यावर येणारा युटेट्रानिकस ओरिएंटॅलिस पानाच्या वरच्या बाजूला राहतो, जाळं नावापुरतं करतो, आणि त्याची अंडी चपटी असतात. टेट्रानिकस वंशातले कोळी मात्र पानाखाली लपतात, दाट जाळं करतात, आणि त्यांची अंडी मोत्यासारखी गोल असतात. एवढा फरक तर तुम्ही दहापट भिंगातूनही पकडाल.

अडचण सुरू होते ती टेट्रानिकसच्या घरातच. भेंडी, वांगी, वाल यांवर भारतात या वंशाच्या अनेक जाती सापडतात : अर्टिकी, लुडेनी, मॅकफार्लेनी, निओकॅलेडोनिकस, ट्रंकॅटस. माद्या शेजारी ठेवल्या तर तज्ज्ञालाही खात्रीनं सांगता येत नाही की कोण कोणाची. रंगावर जावं, तर रंग पिकाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे बदलतो. अर्टिकी कधी पिवळट-हिरवा, पाठीवर दोन काळे डाग, तर कधी चक्क लालभडक.

मग ओळखायचं कसं? नर शोधायचा. त्याला काचेच्या पट्टीवर द्रवाच्या थेंबात बरोबर कुशीवर झोपवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जननांगाचं टोक बघायचं. त्या टोकाच्या गाठीचा आकार प्रत्येक जातीत थोडा वेगळा. 'घ' आणि 'ध' मध्ये जेवढा फरक, तेवढाच. आणि नर जरा जरी कलंडला, तरी 'घ' चा 'ध' दिसतो. स्लाईड पुन्हा करा! सूक्ष्मदर्शकाखाली अख्खा दिवस एका माणसानं एवढंच करायचं, याला पेशन्स लागतो बॉस.

१७७ वर्षांची केस

१८३६ मध्ये कोख नावाच्या जर्मन अभ्यासकानं टेट्रानिकस अर्टिकी या जातीचं वर्णन केलं. १८६७ मध्ये फ्रान्सच्या बॉइसदुवालनं लाल कोळ्याला वेगळं नाव दिलं, सिनाबॅरिनस. पुढे पिढ्यान्पिढ्या पुस्तकांत हिरवा तो अर्टिकी, लाल तो सिनाबॅरिनस अशी वाटणी चालली. काही अभ्यासक म्हणत राहिले, दोन जाती. काही म्हणत, एकच. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी शरीररचना, संकर आणि डीएनए असे सगळे पुरावे एकत्र मांडले : ही एकच जात आहे, दोन रंगांची. तरीही जुनी पुस्तकं, जुन्या शिफारशी आणि काही शोधनिबंध दोन्ही नावं वापरतात. म्हणजे परीक्षेत काय लिहायचं, ते सरांना विचारूनच लिहा.

संकराची चाचणी तर भन्नाट आहे. या कोळ्यांत मादीचं अंडं फळलं तर मुलगी, न फळलं तर मुलगा. त्यामुळे दोन वेगळ्या जातींची जोडी लावली, तर साधारणपणे सगळे मुलगेच निघतात, कारण अंडी फळलेलीच नसतात. मुली जन्मल्या आणि त्यांनाही पुढे पिल्लं झाली, तर जात एकच असण्याची शक्यता जास्त. पण इथेही एक ट्विस्ट आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू एकाच जातीच्या जोडीलाही नापास करू शकतो.

मग थेट डीएनए का नाही तपासायचा? तपासतातच. पण जुळवून बघायला जो डेटाबेस असतो, त्यातल्या काही नोंदींवरच चुकीच्या जातीची लेबलं लागलेली आढळली आहेत. ज्यानं डीएनए काढला, त्यानं नर नीट बघितला नव्हता. शेवटी गाडी पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडेच येते.

पण बाबांना काय फरक पडतो?

पडतो. अर्टिकीनं नव्वदहून अधिक औषधी घटकांना दाद न देण्याचा विक्रम केलाय. उन्हाळ्यात तो आठ-दहा दिवसांत पिढी बदलतो, म्हणून नवं औषधही पटकन पचवतो. त्यात आपण 'लाल दिसलं की मार' म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं, तर कोळ्यांना खाणारे मित्र-कोळी आणि छोटे काळे ढालकिडे आधी मरतात. लाल कोळी उरतात आणि वाढतात. वर्षानुवर्षे वापरलं गेलेलं डायकोफॉल हे कोळीनाशक २०२३ मध्ये देशात बंद झालं, म्हणजे हातातली हत्यारंही कमी झालीत.

आणि फवारा मारणारा माणूस? २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसच्या आसपास जीव गेले. त्या मृत्यूंमागे कोळी होता असं नाही. पण नको असलेला प्रत्येक फवारा कुणीतरी स्वतःच्या पाठीवर पंप घेऊनच मारत असतो. तो एक फवारा वाचला, तरी ओळख पटवण्याचे कष्ट वसूल झाले.

तुम्ही एवढं करू शकता

* संशयित पानाखाली पांढरा कागद धरा, पान टिचकीनं झटका. टिंब चालायला लागले तर कोळी. काहीच हललं नाही तर पानाची खालची बाजू भिंगानं तपासा, आणि मग खताचा विचार करा.
* मोबाईलवर स्वस्त मॅक्रो लेन्स लावून जिवंत कोळ्याचा फोटो आधी काढा. स्पिरिटमध्ये टाकल्यावर रंग उडून जातो.
* जाळं आहे का, कोळी पानाच्या वर की खाली, अंडी गोल की चपटी, हे लिहून ठेवा. पीक, गाव, तारीख आणि आधी मारलेलं औषधही लिहा.
* पानं प्लास्टिकमध्ये घाम फुटेपर्यंत कोंबू नका, कागदी पिशवीत ठेवा. नमुन्यात भरपूर कोळी असू द्या, नर त्यातच सापडतो.
* नमुना करडा (ता. रिसोड) इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. विचारायला लाजू नका.

बीएस्सी झूलॉजी किंवा अ‍ॅग्रीवाल्यांनो, या शास्त्राला अ‍ॅकॅरॉलॉजी म्हणतात. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून शेतीतल्या कोळ्यांवरचा अखिल भारतीय प्रकल्प चालतो. नर कुशीवर झोपवता येणारी माणसं या क्षेत्रात फार थोडी आहेत. एमपीएससीच्या रांगेत उभं राहण्याआधी एकदा इकडेही डोकावून बघा. आणि पुढच्या वेळी काका "लाल्या हाय" म्हणाले, की विचारा, "काका, कोनता?"